बुतकदा आणि होन

सुपा धरणामुळे उठलेली माणसं वसली ते आमचं रामनगर. आमच्या तालुक्यातल्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दींत हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती तिन्ही आहेत. ‘आजची मूर्ती म्हणजे पैसा, तिच्यापासून जपायचं,’ हे ख्रिस्ती आणि मुसलमान दोन्ही शेजाऱ्यांकडून मी ऐकलंय. मला ते हल्लीचं बोलणं वाटे. पण संत पौलाच्या कलस्सैकरांस पत्रात लोभालाच मूर्तिपूजा म्हटलंय आणि बुखारींच्या हदीससंग्रहात दिनार-दिरहमच्या गुलामाचा धिक्कार आहे. मग एक शब्द हाती लागला आणि मी हरखलो.

आपला होन, जुनं सोन्याचं नाणं; नाव आलं कानडी ‘होन्नु’वरून, म्हणजे सोनं. पोर्तुगीज या नाण्याला ‘पगोड’ म्हणत. देवळालाही पगोड, आतल्या मूर्तीलाही पगोडच! इंग्रजांनी त्याचा ‘पगोडा’ केला.

हा शब्द आला कुठून? कुणी म्हणतात ‘भगवती’पासून, नाण्यावर देवी असे म्हणून. कुणी सिंहली ‘दागबा’ उलटापालटा करतात. ते मला मुळीच पटत नाही, अक्षरं अशी उड्या मारत नाहीत. माझा कौल फारसी ‘बुतकदा’ला. बुत म्हणजे मूर्ती, कदा म्हणजे घर. आणि बुत तरी कोण? बुद्धच! बामियानच्या दोन महामूर्तींना फारसीत सुर्ख-बुत आणि खिंग-बुत म्हणत. ‘बुतकदा’तला ‘त’ गळाला, ‘क’चा ‘ग’ झाला, इथवर ठीक. ‘ब’चा ‘प’ मात्र अडतो, आणि तमिळ तोंडी ‘भगवती’चं ‘पगवदि’ सहज होतं, हे मान्य. तरी देऊळ, मूर्ती आणि नाणं तिन्ही एका शब्दात बसतात ती बुतकदातूनच, असं मी धरून चालतो.

नाण्यांनी तर कमालच केली. मद्रासला इंग्रजांच्या ख्रिस्ती कंपनीने पगोडे पाडले ते विष्णूची मूर्ती ठेवून. 1763 साली हैदरअलीने बिदनूर घेतलं आणि तिथे चालणाऱ्या इक्केरीच्या होनावरची चित्रं तशीच चालू ठेवली. बाजार ओळखीच्या होनावरच विश्वास ठेवतो, कारण एवढंच असावं.

असा एक होन मी पाहिलाय. करंगळीच्या नखाएवढा, वजन जेमतेम साडेतीन ग्रॅम. एका बाजूला शिव-पार्वती शेजारी शेजारी बसलेले. उलटा केला की बारीक ठिपक्यांच्या गर्दीत हैदरच्या नावाचं फारसी आद्याक्षर, एकटं ‘हे’.