मिरासदार, खोत आणि एक जाहीरनामा

शोळिंगनल्लूर म्हटले की आज डोळ्यांपुढे उभ्या राहतात त्या संगणक-उद्योगांच्या काचेच्या इमारती, राजीव गांधी मार्गावरील वाहनांची रांग आणि पूर्वेस संथ पडलेला बकिंगहॅम कालवा. चेन्नई महानगरपालिकेत हे गाव आले ते २०११ साली. इंग्रजी अमदानीत ते चेंगलपट्टू जिल्ह्यातील एक खेडे होते. चाकरीच्या निमित्ताने या बाजूस आलेल्या आम्हां मराठी माणसांना या जिल्ह्याच्या जुन्या दप्तरात एक ओळखीचा शब्द भेटतो आणि चकवा देतो. तो शब्द म्हणजे 'मिरासदार'.

देशावर मिरासदार म्हणजे वंशपरंपरेने जमीन धारण करून बहुधा स्वतः नांगर धरणारा कुणबी. उपऱ्याहून त्याचा मान मोठा, इतकेच. चेंगलपट्टूकडील मिरासदार मात्र वेल्लाळ वा ब्राह्मण भूस्वामी. तमिळमध्ये त्याच्या हक्कास 'काणियाट्चि' म्हणत. पडीक जमिनीवरही पहिला हक्क त्याचाच, आणि परैयर मजुरांच्या झोपड्यांखालची जागादेखील त्याचीच. मजुराने मान वर केली की काम आणि घर दोन्ही एकाच दिवशी जात. आपल्याकडे याचे साम्य शोधायचे तर ते देशावरील मिरासदारात नव्हे, कोकणातील खोतात शोधावे लागेल.

ही स्थिती स्पष्ट शब्दांत सरकारपुढे मांडली ती एका अधिकाऱ्याने. चेंगलपट्टूचे कलेक्टर ट्रेमेनहीर यांनी १८९१ साली परैयरांच्या अवस्थेवर एक टिपण लिहिले. या लोकांस जमीन आणि हक्काची घरजागा दिल्याखेरीज त्यांचे दास्य सुटणार नाही, हे त्याचे सार. १८९२ साली सरकारने त्यातले थोडे स्वीकारले. त्यातून दलितांस दिलेल्या जमिनी पुढे 'पंचमी' जमिनी म्हणून ओळखल्या गेल्या. ठराविक मुदतीपर्यंत त्या विकू नयेत आणि नंतरही दलितेतरांच्या हाती जाऊ नयेत, अशी अट होती. अट दप्तरात राहिली. जमिनी मात्र पुष्कळशा इतरांच्या हाती गेल्या. १९९४ साली याच जिल्ह्यात कारणै येथे त्या परत मिळाव्यात म्हणून आंदोलन झाले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात दोघांचा बळी गेला. टिपण लिहिल्यास तेव्हा शंभरांवर वर्षे लोटली होती.

हाच प्रश्न आमच्याकडे दुसऱ्या वाटेने पुढे आला. टिपणातून नव्हे, निवडणुकीच्या जाहीरनाम्यातून. १९३५ च्या कायद्यान्वये प्रांतिक निवडणुका ठरल्या, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. नावात जात नव्हती, श्रम होता. जाहीरनाम्यात घोषणांपेक्षा कारणमीमांसा अधिक. शेतकऱ्याच्या दारिद्र्याचे मूळ जमिनीच्या तुकड्यांत आणि तिच्यावर पडणाऱ्या लोकसंख्येच्या भारात आहे. तेव्हा उपाय केवळ शेतीत नसून उद्योगवाढीत आणि तांत्रिक शिक्षणात आहे, असे त्यात प्रतिपादन होते. लोकहितार्थ आवश्यक तेथे उद्योग सरकारने चालवावेत. कामगारांचे तास, वेतन, बढती आणि बडतर्फी यांवर कायद्याचे नियंत्रण असावे. शेतकऱ्यांसाठी भूतारण बँका व सहकारी संस्था काढाव्यात. खोत व तालुकदार यांच्या जुलमापासून कुळांस संरक्षण मिळावे, हे त्यातील मुख्य मुद्दे. खेड्यांत ग्रंथालये व सभागृहे असावीत, इथवर त्यांची दृष्टी गेली होती.

१९३७ च्या निवडणुकीत मुंबईतील भायखळा-परळ विभागातून बाबासाहेब उभे राहिले. काँग्रेसने त्यांच्यासमोर नामांकित क्रिकेटपटू पाळवणकर बाळू यांना उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. कायदेमंडळात पक्ष विरोधी बाकांवर बसला. पण जाहीरनामा मतपेटीबरोबर मिटला नाही. सप्टेंबर १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. कुळांस कब्जेदारीचा हक्क द्यावा आणि खोतांस रास्त भरपाई मिळावी, अशी त्याची रचना होती. महार वतनाचा प्रश्नही त्यांनी पुन्हा पुढे आणला. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील हजारो शेतकरी मोर्चाने मुंबईच्या कायदेमंडळावर आले. संपावर बंधने घालणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी पक्षाने कम्युनिस्टांच्या जोडीने संप केला. त्याच महिन्यात संततिनियमनाचा ठरावही पक्षातर्फे मांडला गेला, आणि तो फेटाळला गेला.

तेव्हा हिशोब मांडला तर पदरात काय पडले? खोतीचे विधेयक त्या कायदेमंडळात संमत झाले नाही. औद्योगिक कलहाचा कायदा विरोध झुगारून झाला. १९४२ साली पक्षाची जागा शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने घेतली. पण १९४९ मध्ये मुंबई राज्यात खोती रद्द करणारा कायदा झाला, तोही खेर मंत्रिमंडळाच्या कारकिर्दीत; विधेयक अडून राहिले होते तेव्हाही मंत्रिमंडळ खेरांचेच होते. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा झाला १९५८ साली. तो पाहण्यास बाबासाहेब उरले नव्हते.

ट्रेमेनहीर यांचे टिपण आणि स्वतंत्र मजूर पक्षाचा जाहीरनामा यांत लेखणीच्या प्रामाणिकपणाचा फरक आम्हांस दिसत नाही. फरक आहे तो पाठीशी कोण उभे होते याचा. टिपण ज्यांच्यासाठी लिहिले त्यांना मत नव्हते; कलेक्टर बदलून गेला की हुकूम पोरका झाला. जाहीरनामा हरला तरी त्याच्यासाठी कोकणातून येणारी माणसे होती. फायलींवर शेरे मारण्यात आमच्यापैकी पुष्कळांचे आयुष्य जाते. चांगला शेरा मारणे हे पुण्याचे काम खरे. परंतु ज्यांच्यासाठी तो मारला त्यांच्यापर्यंत तो पोचला की नाही, आणि पोचला तर तो राखण्याचे बळ त्यांच्यापाशी आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय तो पुरा होत नाही. शोळिंगनल्लूरच्या रस्त्यावरून कचेरीस जाताना, आज सोन्याच्या भावाने विकल्या जाणाऱ्या या परिसरातील जमिनीखाली तो जुना प्रश्न अजून पुरता मिटलेला नाही, एवढे तरी आम्ही ध्यानी ठेवावे.