रानबदकांतील असाधारण पिसारा

नेहमीच्या रंगरूपाहून वेगळी रानबदके पूर्वी बहुधा शिकाऱ्यांच्याच हाती पडत. कोल्हापूर संस्थानात (विलीनीकरण १९४९) शिकार हा राजदरबारी छंद होता. तेथील नव्या राजवाड्याच्या संग्रहालयात पेंढा भरलेले प्राणी जतन केलेले आहेत. कोल्हापूरसह दख्खनच्या तलावांवर हळदी-कुंकू बदक आढळते, तर थापट्या, तलवार बदक, भुवई बदक इ. हिवाळ्यात उत्तरेकडून येतात.

विणीनंतर अनेक जातींच्या नरांचा झळाळता पिसारा गळून मादीसारखा मळकट पिसारा येतो. भुवई बदकात तो हिवाळ्यातही बराच काळ टिकतो. त्यामुळे हंगामारंभी मारलेला नर मादी समजला जाण्याचा संभव असे. रंगद्रव्याच्या अभावाने पांढुरकी झालेली बदके व संकरज बदके विरळा. अंडाशय निकामी झालेल्या मादीला नराचा पिसारा येऊ शकतो.

अशा पक्ष्यांमुळे शास्त्रज्ञही चकले. लुइझिआनात १८२२ मध्ये मारलेला नर ऑडुबॉन यांनी वेगळ्या जातीचा मानून चित्रित केला. वस्तुतः तो मॅलर्ड व गडवाल यांचा संकर होता. याउलट व्लादिव्हस्टॉकजवळ १८७७ मध्ये मिळालेला पक्षी स्क्लेटर यांनी १८९० मध्ये चक्रवाकाचा संकर ठरविला. कोरियात १९१६ मध्ये तसाच पक्षी मिळाल्यावर कुरोदा यांनी १९१७ मध्ये ती स्वतंत्र जाती असल्याचे दाखविले. कातडे जतन झाले म्हणूनच ही चूक सुधारता आली.

वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ व त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे भारतात ही शिकार बंद झाली. आता छायाचित्रे नोंदीचे काम करतात. तथापि स्थळ व दिनांक नोंदविलेल्या जुन्या कातड्यांचे मोल कायम आहे.