भेंडवळची घटमांडणी आणि पावसाचा हिशेब

१/
बुलढाणा जिल्ह्यात संग्रामपूर तालुक्यात वरवट बकाल हे बाजारपेठेचे गाव आहे. वैशाख लागला की तेथील चहाच्या टपऱ्यांवर, कृषी केंद्रांच्या ओट्यांवर एकच विषय असतो : यंदा भेंडवळने काय सांगितले? भेंडवळ हे शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यातील गाव. अक्षय तृतीयेला तेथे होणाऱ्या घटमांडणीची बातमी दुसऱ्या दिवशी मराठी वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांवर झळकते. आजचा थ्रेड तिच्याविषयी. तिची थट्टा करणे हा मात्र येथील हेतू नाही.

२/
आधी विधी पाहू. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात एक वर्तुळ आखतात. त्याच्या कडेने गहू, ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा, तीळ, जवस, सरकी अशा अठरा प्रकारच्या धान्यांच्या राशी मांडतात. मध्यभागी खड्डा. त्यात मातीची चार ढेकळे, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. त्यांवर पाण्याने भरलेली घागर आणि घागरीवर पापड, कुरडई, वडा, भजी असे पदार्थ. विड्याचे पान आणि सुपारी म्हणजे राजा व त्याची गादी. रात्री तेथे कोणी थांबत नाही. पहाटे वाघ घराण्यातील वारसदार येऊन काय हलले, काय विस्कटले, कोणते ढेकूळ किती भिजले हे पाहतात आणि त्यावरून पाऊस, पीक, रोगराई, इतकेच नव्हे तर देशाच्या राज्यकारभाराचेही भाकीत सांगतात.

३/
ही प्रथा चंद्रभान महाराज वाघ यांनी सुरू केली आणि ती सुमारे साडेतीनशे वर्षांची आहे, असे सांगितले जाते. ‘सांगितले जाते’ हे दोन शब्द इतिहासाच्या विद्यार्थ्याने कधीही गाळू नयेत. मौखिक परंपरा हेही साधनच आहे. पण ती प्रामुख्याने लोकांना काय आठवावेसे वाटते हे सांगते. प्रथेचे वय किती आणि तिची भाकिते खरी ठरतात का, हे दोन प्रश्नही वेगळे ठेवले पाहिजेत. एखादी गोष्ट जुनी आहे एवढ्यावरून ती अचूक ठरत नाही, आणि जुनी आहे म्हणून टाकाऊही ठरत नाही.

४/
पावसाचे भाकीत ही भेंडवळची एकट्याची मिरास नव्हे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मेघांच्या ‘गर्भधारणे’वरून पुढील पाऊस ओळखण्याचे नियम आहेत. मराठी मुलखात सहदेव-भाडळीची वचने पिढ्यान्पिढ्या फिरली. पंचांगात आजही नक्षत्राचे वाहन कोल्हा की बेडूक हे छापलेले असते. मात्र त्याच बृहत्संहितेत आणि त्याआधी कौटिल्याच्या अर्थशास्त्रात भांडे ठेवून पडलेला पाऊस मोजण्याचीही सांगड आहे. म्हणजे आपल्या परंपरेत शकुनही आहे आणि मोजमापही आहे. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांना बहुधा पहिलाच भाग आठवतो, हे नवलच.

५/
मग वऱ्हाडचा शेतकरी भोळा म्हणून घटमांडणीवर विसंबतो का? हे उत्तर सोपे आहे आणि चुकीचेही. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्कीने ट्रोब्रियांड बेटांवरील कोळ्यांविषयी एक मार्मिक निरीक्षण नोंदवले. खाडीच्या शांत पाण्यात मासेमारी करताना ते लोक मंत्रतंत्र करीत नसत, कारण तेथे कौशल्य पुरेसे होते. खुल्या समुद्रात जाताना मात्र करीत, कारण तेथे जीव आणि मासळी दोन्ही बेभरवशाची.

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा हा शेतकऱ्याचा खुला समुद्रच आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतील या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारट. विहीर खणली तरी ते पिकाला देता येत नाही, पिण्याची तर गोष्टच सोडा. संग्रामपूर तालुक्यातील अनेक गावे याच पट्ट्यात मोडतात. तेथे खरीप म्हणजे आभाळाशी केलेला करार, आणि त्यावर सही एकाच पक्षाची. ज्याचे बियाणे, खत आणि कर्ज मृगाच्या आधी ठरायचे असते, त्याला कोणीतरी ‘यंदा असे होईल’ म्हणून सांगणारा हवाच असतो.

६/
गरज खरी आहे. पण गरज खरी असली म्हणून उत्तर खरे होत नाही. ते तपासायचे कसे?

पहिली पायरी : भाकीत आधीच, तारखेसह लिहून ठेवणे. हे काम वृत्तपत्रांनी आयतेच केले आहे. दुसरी पायरी : शब्दांचे मोजमाप ठरवणे. ‘काही ठिकाणी कमी, काही ठिकाणी जास्त’ हे विधान कोणत्याही वर्षी चुकणे अशक्य आहे. जे चुकूच शकत नाही ते काही सांगतही नाही. कमी म्हणजे सरासरीच्या किती टक्के, आणि ठिकाण म्हणजे तालुका, जिल्हा की अख्खे राज्य, हे पावसाळ्यापूर्वी ठरले पाहिजे. सप्टेंबर उलटल्यावर नव्हे.

७/
तिसरी पायरी बहुतेक जण विसरतात. केवळ योगायोगाने किती भाकिते जुळतील?

समजा प्रत्येक महिन्यासाठी कमी, साधारण आणि जास्त अशा तीनच शक्यता आहेत आणि तिन्ही सारख्याच संभवनीय आहेत. कोणी डोळे मिटून चिठ्ठ्या काढल्या तरी चारपैकी निदान एक महिना बरोबर येण्याची शक्यता ८१ पैकी ६५, म्हणजे सुमारे ८० टक्के. निदान दोन महिने बरोबर येण्याची शक्यता ८१ पैकी ३३, म्हणजे सुमारे ४१ टक्के. त्यात ‘जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस बरा’ असे सांगितले तर काम आणखी सोपे, कारण वऱ्हाडात पावसाचा मोठा वाटा त्याच दोन महिन्यांत पडतो. हे सांगायला घागर लागत नाही.

म्हणून ‘गेल्या वर्षी जुलैचे बरोबर निघाले होते’ हा पुरावा होत नाही. जुळलेला जुलै पारावर वर्षभर बोलला जातो. न जुळलेला जून कोणाच्या स्मरणात राहत नाही.

८/
येथे कोणी विचारेल : वेधशाळेचे तरी कुठे जुळते? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचा इतिहास मनोरंजक आहे.

भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ सालची. लगेच १८७६-७८ चा भीषण दुष्काळ पडला आणि सरकारला पावसाच्या पूर्वानुमानाची निकड जाणवली. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फ आणि मान्सून यांचा संबंध जोडून १८८६ पासून दीर्घ मुदतीचे अंदाज द्यायला सुरुवात केली. त्यांच्यानंतर जॉन एलियट आले. १८९९ साली खात्याचा अंदाज साफ कोसळला. पाऊस दगा देऊन गेला आणि छप्पन्नच्या दुष्काळाने वऱ्हाडासह देशाचा मोठा भाग होरपळला. १९०४ मध्ये गणितज्ञ गिल्बर्ट वॉकर प्रमुखपदी आले. जगभरच्या हवामानाच्या नोंदींतील परस्परसंबंध तपासता तपासता त्यांना ‘दक्षिणी आंदोलन’ सापडले. एल निनोच्या आजच्या अभ्यासाचा तो एक पाया आहे. योगायोगाने जुळलेल्या संबंधांना खरे मानण्याचा धोका वॉकर यांनी स्वतःच ओळखला होता, हे विशेष.

९/
याहून जवळचे उदाहरण मराठी माणसाचे आहे. डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ घटकांवर आधारलेले प्रारूप तयार केले आणि १९८८ पासून हवामान खाते त्यावरून मान्सूनचा अंदाज देऊ लागले. वर्षामागून वर्ष ते यशस्वी म्हणून गाजले. आणि २००२ आले. अंदाज सामान्य पावसाचा होता; प्रत्यक्षात देशभरात सरासरीच्या ८१ टक्केच पाऊस पडला. देश दुष्काळात सापडला.

पुढे काय झाले ते महत्त्वाचे. २००३ मध्ये ते प्रारूप बाजूला ठेवून नवी प्रारूपे वापरात आली. चुकलेला आकडा खात्याच्या दप्तरातून पुसला गेला नाही. ८१ हा आकडा आज कोणालाही पाहता येतो, आणि तो सर्वांसमोर होता म्हणूनच पद्धत बदलावी लागली. वेधशाळा आणि घटमांडणी यांत फरक आहे तो इथे. दोघेही चुकतात. पण चुकल्यावर बदलणे भाग पडेल अशी रचना एकीकडे आहे. दुसरीकडे पान, सुपारी आणि ढेकळांचा अर्थ जुनाच राहतो.

१०/
असा प्रश्न विचारणे म्हणजे शहरी किंवा परकी उपद्व्याप, हा आक्षेपही इतिहासाला मान्य होण्यासारखा नाही. ‘सुधारक’कार आगरकरांच्या शालेय शिक्षणाचा काही काळ अकोल्यात गेला. धार्मिक विधींच्या निमित्ताने कुणब्याच्या घरातून काय काय जाते याचा पाढा जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये वाचला, आणि त्यांचे चरित्र १९२७ साली लिहिले ते याच बुलढाणा जिल्ह्यातील चिखलीच्या पंढरीनाथ सीताराम पाटील यांनी. पूर्णेच्या खोऱ्यातच वाढलेले गाडगेबाबा तर रात्रभर कीर्तनातून श्रोत्यांना प्रश्नच विचारीत. नवसाने मूल होते का, बोकड कापल्याने रोग जातो का, याचे उत्तर ते स्वतः देत नसत. समोरच्या शेतकऱ्याकडूनच ‘नाही’ वदवून घेत. सरकारने त्यांच्या नावाने स्वच्छता अभियान काढले, म्हणजे खराटा उचलला. प्रश्न तेवढे कीर्तनातच राहिले.

११/
अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी भेंडवळच्या भाकितांना वेळोवेळी आक्षेप घेतला आहे. दुसरीकडे, घटमांडणी ही बंदी घालण्याजोगी गोष्ट नव्हे. कोणाचा बळी जात नाही. पंचक्रोशीतील माणसे एकत्र येतात, हंगामाविषयी बोलतात. लोकजीवनाचा दस्तऐवज म्हणून तिची काटेकोर नोंद व्हायलाच हवी. कोणत्या धान्याला कोणता अर्थ, तो कोणी कोणाला शिकवला, कोणते अर्थ नंतर शिरले, हे प्रबंधाचे विषय आहेत.

पण बियाण्याच्या पिशवीचा निर्णय हा वेगळा मामला आहे. ‘जूनमध्ये भरपूर’ या भाकितावर पहिल्या सरीलाच पेरणी उरकली आणि पुढे पंधरा दिवस खंड पडला, तर दुबार पेरणीचा खर्च भाकीत सांगणारा देत नाही. वाहिनीही देत नाही.

१२/
ज्यांना हे स्वतः तपासायचे आहे त्यांच्यासाठी : अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या वृत्तपत्रांचे जुने अंक ग्रंथालयांत मिळतात आणि तालुकानिहाय पावसाच्या नोंदी शासनाकडे असतात. दहा वर्षांची भाकिते एका रकान्यात, जळगाव जामोद व संग्रामपूरचा मोजलेला पाऊस दुसऱ्या रकान्यात, आणि तिसऱ्या रकान्यात चिठ्ठ्या काढून ठरवलेले भाकीत. तिसरा रकाना वगळू नये. दरम्यान, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्याखेरीज पेरणी करू नये, हा कृषी विभागाचा सल्ला दर जूनमध्ये येतो. तो पडताळण्यासाठी गावातला पर्जन्यमापक पुरतो.