माऊसची शेपटी मोडेमच्या घरची

डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश यांचा लाकडी, दोन चाकांचा माऊस 1964 चा. जर्मनीच्या टेलिफुंकनने 1968 मध्ये गोळ्यावर चालणारा माऊस विकायला काढला. अस्सल कोण, हा वाद रंगतो तो याच दोघांत. शेपटीचं कूळ मात्र कुणी विचारत नाही.

पीसीच्या मागच्या सिरियल पोर्टमध्ये खुपसायचा नऊ पिनांचा माऊस आठवतो? ते पोर्ट ज्या आरएस-232 मानकाचं, ते 1960 चं, टर्मिनल आणि मोडेम जोडण्यासाठी केलेलं. मोडेमला स्वतःची वीज असते, म्हणून त्यात वीजपुरवठ्याची पिनच नाही. माऊसला तर वीज हवीच: गोळ्यामुळे फिरणाऱ्या खाचांच्या चकत्यांमागे एलईडी, पुढे सेन्सरची जोडी. आधी कोणता सेन्सर उजळला त्यावरून दिशा कळायची.

मग वीज चोरली! ‘टर्मिनल तयार आहे’ आणि ‘पाठवू का?’ असं मोडेमला सांगणाऱ्या दोन तारा ड्रायव्हर कायम चढ्या ठेवी. त्यांवर साधारण 12 व्होल्ट असायचे, प्रवाह जेमतेम काही मिलिअँपिअर. माऊस त्यावर जगायचा आणि सेकंदाला 1200 बिटच्या वेगाने, तीन-तीन बाइटच्या पुडक्यांत आपली हालचाल कळवायचा.

मायक्रोसॉफ्ट पद्धतीचा माऊस ओळखायची खूणही यातलीच. ‘पाठवू का?’ची तार क्षणभर खाली नेऊन वर केली, की तो ‘एम’ हे अक्षर पाठवी. कुणी याला शिस्तीत आखलेली ओळखपरेड म्हणेल. पण ज्या तारेवर पोट, तीच तोडून जोडली तर माऊस नव्याने जागा होणारच. ‘एम’ ही त्याची जाग आल्याची हाळी असणार, हा तर्क जास्त पटतो.

अमिगा आणि अटारी एसटीच्या माऊसलाही नऊच पिना, म्हणून काही जण त्यांना याच घराण्यात बसवतात. ते चूक आहे. तो प्लग अटारीच्या जॉयस्टिकचा वारस. त्यात 5 व्होल्टची स्वतंत्र पिन होती आणि सेन्सरचे कच्चे ठोके थेट संगणकाकडे जायचे. दिसणं सारखं, कूळ निराळं.

आयबीएमने 1987 मध्ये सहा पिनांचं गोल पीएस/2 पोर्ट आणलं, त्यात 5 व्होल्टची सोय होती. चोरीची गरज संपली.

माळ्यावर जुना सिरियल माऊस सापडला, तर नुसतं पीएस/2 अडॅप्टर लावून तो चालेल असं समजू नका. ते फक्त तारा फिरवतं, भाषा बदलत नाही. दोन्ही भाषा येणारा माऊस असेल तरच उपयोग.