अटीचें दान

दान दिलें कीं त्यावरील दात्याचा हक्क सरला, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. संगणकाच्या अर्वाचीन इतिहासांतील एका सशर्त दानाची हकीकत वाचली म्हणजे ही समजूत पुन्हां तपासावी असें आम्हांस वाटूं लागतें.

रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं अमेरिकेंत ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. संगणकाची आज्ञावली कोणीहि वापरावी, तिची मूळ संहिता वाचावी, बदलावी व इतरांस द्यावी, हा त्यांचा हेतु. १९८७ सालीं त्यांचा कंपायलर, म्हणजे मनुष्यानें लिहिलेली संहिता यंत्राच्या भाषेंत उतरविणारी आज्ञावली, प्रसिद्ध झाला. आणि १९८९ सालीं ‘जनरल पब्लिक लायसन्स’ हा परवाना निघाला. त्याची मुख्य अट अशी : आपल्या घरीं हवें तें करा, परंतु मूळ आज्ञावलींत स्वतःची भर घालून ती दुसऱ्यास द्याल, तर सबंध कृति संहितेसह याच अटींवर दिली पाहिजे.

या तत्त्वाची कसोटी स्टीव्ह जॉब्स यांच्या नेक्स्ट कंपनीमुळें लागली. तिनें या कंपायलरला ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेचा भाग जोडला होता. दोन्ही भाग निरनिराळे द्यावे आणि सांधा ग्राहकानें जुळवावा, म्हणजे आपली संहिता झांकलेली राहील, अशी योजना होती. जॉब्स यांनीं विचारलें तेव्हां प्रथम स्टॉलमन यांसहि ती कायदेशीर वाटली. परंतु वकिलांचें मत पडलें कीं, न्यायाधीश पुडकीं मोजणार नाहीं. कृति वस्तुतः एक कीं दोन, एवढेंच पाहील. योजना बारगळली व तो भाग सर्वांस खुला झाला.

आक्षेपक म्हणतात, हें विरजणासारखें झालें; चमचाभर पडलें कीं भांडेंभर दुधाचें दहीं! दृष्टांत यथार्थ आहे. मात्र हें विरजण कोणी दुसऱ्याच्या दुधांत चोरून घालीत नाहीं. ज्याला दहीं हवें तोच तें मागून नेतो. शिवाय १९९१ सालीं स्टॉलमन यांच्या संस्थेनें ‘लायब्ररी’ प्रकारच्या आज्ञावलींसाठीं सौम्य परवानाहि काढला. त्यान्वयें अशी आज्ञावली खाजगी आज्ञावलीशीं जोडली तरी खाजगी संहिता उघडी करावी लागत नाहीं.

बर्कली विद्यापीठाच्या परवान्यांत तर कर्त्याच्या नामनिर्देशापलीकडे फारसें मागणें नाहीं. तें दान पहिल्या घेणाऱ्यास अधिक मोकळें सोडतें. स्टॉलमन यांचें दान शेवटच्या घेणाऱ्याची काळजी वाहतें. हातोहात जातां जातां जें मध्येंच कोणाची खाजगी मिळकत होऊं शकतें, त्या दानापेक्षां हें अटीचें दान आम्हांस अधिक उदार वाटतें.