गच, घाणी आणि पोत्यातला माल

फहाहील मूळचं मासेमारीचं आणि मोती काढणाऱ्यांचं गाव. जवळच बुर्गानला १९३८ साली तेल लागलं, १९४६ साली पहिलं तेल बोटीत भरून निघालं आणि गावाचं नशीबच पालटलं. त्याआधीची घरं समुद्रातले दगड, माती आणि जिप्सम भाजून केलेला गिलावा यांची.

इथले इंजिनिअर जमिनीतल्या घट्ट चुनखडीच्या थराला 'गच' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चमकलोच! आपल्याकडे गच म्हणजे चुन्याचा माल, आणि त्यावरूनच गच्ची. शब्द फारसी, त्यामुळे दोन्ही किनाऱ्यांना लागलेला.

आपल्या किल्ल्यांवर चुन्याची घाणी पाहिली असेल. दगडी चर, त्यात बैल फिरवायचे चाक. चुना किती वेळ मळला यावर भिंतीचं आयुष्य ठरायचं. सिमेंट आलं आणि ही सगळी तपश्चर्या घमेल्यावर आली. कागदावर एकास सहा, प्रत्यक्षात सातवं-आठवं घमेलं कधी पडलं ते मुकादमालाच ठाऊक.

कोरडा तयार माल ही कल्पना युरोपातली. १८९३ च्या सुमारास तिथे त्याची पेटंटं निघाली, पण खरा जम बसला तो दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीत. शहरं उभारायची होती आणि हात कमी होते. भट्टीत वाळवलेली, चाळलेली वाळू, मोजून सिमेंट, चिमूटभर रसायनं. साइटवर फक्त पाणी घालायचं.

कुवेतमध्ये हातांची टंचाई कधीच नव्हती, ते आपल्याकडून आणि शेजारच्या देशांतून येतात. इथे प्रश्न वाळूचा. वाळवंट अफाट, पण वाळूत मीठ आणि जिप्सम, म्हणजे भिंतीला लोणा ठरलेला. पाण्याचंही तेच. शुवैखचा समुद्राचं पाणी गोडं करणारा कारखाना १९५३ चा; त्याआधी पिण्याचं पाणीसुद्धा शत्त-अल-अरबहून होड्यांनी यायचं.

आणि ऊन! तापलेला ब्लॉक मालातलं पाणी क्षणात शोषतो, सिमेंट उपाशी राहतं, सांधा बोटाने खरवडला तरी भुगा. पोत्यातल्या मालात सेल्युलोजपासून केलेली पूड असते, ती पाणी धरून ठेवते. माझ्या मते पोत्याची जादा किंमत यातच वसूल होते.

गवंड्यांना मात्र तो पटत नाही. थापीला चिकटतो म्हणतात, घट्ट झाला की वरून पाणी मारतात. असं केलं की ताकद गेलीच. जून ते ऑगस्ट दुपारी ११ ते ४ उघड्यावर कामाला बंदी असते. म्हणून पावणेअकराला नवं पोतं फोडू देऊ नये, एवढं मी साइटवर रोज सांगतो.