बंद मोटार आणि आपला इतिहास

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत मोटारीची गोष्ट कशाला, असे तलवाड्यातील बंधू-भगिनी आम्हाला विचारतील. पण त्या गोष्टीत आपली माणसे आहेत.

१९२० साली माणगाव परिषदेत बाबासाहेबांचा पुढारी म्हणून गौरव करणारे राजर्षी शाहू महाराज नुसते बोलले नाहीत. ज्यांचा स्पर्श विटाळ मानला जाई, त्यांना त्यांनी माहूत, कोचमन, मोटारचालक नेमले. राजाने आपला जीवच त्यांच्या हाती दिला! महाराजांचे पुत्र राजाराम महाराज यांची जर्मन मेबॅक मोटार कोल्हापुरात आजही दसऱ्याला रस्त्यावर येते.

अशी जुनी गाडी वर्षानुवर्षे बंद राहिली, की टाकीतले पेट्रोल चिकट होते, ब्रेकच्या तेलात पाणी उतरते, उंदीर वायरी कुरतडतात. जाणता मिस्त्री एकदम स्टार्टर मारत नाही. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडतो, इंजिन हाताने फिरवून बघतो, टाकी आणि कार्बोरेटर धुतो. ब्रेक नीट लागल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढत नाही. २०२१ पासून ५० वर्षांवरील, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ ही वेगळी नोंदणीही आहे.

धम्मपदाच्या मलवग्गात लोखंडाच्या गंजाचा दाखला आहे. हार घालून गंज निघत नाही, त्याला हात लावावा लागतो. आपल्या इतिहासाचेही तसेच. त्या चालकांची नावे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहेत? आम्हालाही नाहीत! म्हणून आजोबा-पणजोबांनी कुठे, कोणते काम केले ते आजच विचारून लिहून ठेवू आणि विहारात लेकरांना सांगू.

नमो बुद्धाय! जय भीम!